शूर्पकर्णाचे कान : शाळेतील हिंसा आणि आपण

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरमधल्या एका गुरुवारी दुपारी मला मुलाच्या शाळेतून फोन आला. "तुमचा मुलगा सुखरूप आहे. पण त्याने काही लिहिलं आहे, त्याबद्दल बोलायचं आहे. तुम्ही दोघंही लगेच येऊ शकाल का?" मुलगा तेव्हा आठवीत होता. वर्गातल्या काही मुलांनी फोनवरच्या त्यांच्या ग्रुपमध्ये त्याचा जेवतानाचा फोटो टाकून त्याखाली खूप टिंगल केली होती. त्यावर यानेही एक ओळ लिहिली होती, "सोमवारी तुम्हा सगळ्यांना कळेल." त्याच ग्रुपमधल्या एका मुलीने ती ओळ शाळेच्या कौन्सेलरला नेऊन दाखवली.

गाडीत आम्ही दोघे काय बोललो ते आजही आठवते. "आपला मुलगा असा नाही." "उगाच बाऊ करतात." "दुसऱ्या कोणाच्या मुलाने लिहिलं असतं तर बोलावलं असतं का?" आणि मग बराच वेळ कोणीच काही बोलले नाही.

शाळेच्या त्या लहानशा खोलीत उपमुख्याध्यापिका, कौन्सेलर, शाळेचे मानसशास्त्रज्ञ आणि शाळेत नेमलेला पोलीस अधिकारी असे चौघे बसले होते. आवाज कोणीच चढवला नाही. ती ओळ लिहिताना तुझ्या मनात काय होते, सोमवारी काय करणार होतास, घरात बंदूक आहे का, कोणाकडून मिळू शकते का, असे एकेक प्रश्न ते शांतपणे विचारत गेले. सोमवारी मुख्याध्यापकांकडे तक्रार करायची, एवढाच त्याचा बेत होता. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मानसशास्त्रज्ञांनी शेवटचा प्रश्न विचारला, "स्वतःला काही करून घ्यावं असं कधी वाटतं का?" मुलगा खाली बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "कधीकधी."

चार महिने हा मुलगा रोज रात्री आमच्या शेजारी बसून वरणभात जेवत होता, आणि आम्हाला काहीही माहीत नव्हते. मधे एकदा त्याने "मुलं त्रास देतात" असे म्हटले होते. मी म्हणालो होतो, "दुर्लक्ष कर. अभ्यासात लक्ष घाल."

त्याची परवानगी घेऊनच हे लिहितो आहे. त्या दुपारी आम्ही ज्या पद्धतीला सामोरे गेलो, तिला इकडे 'थ्रेट असेसमेंट' म्हणतात. आपण तिला 'धमकीची पारख' म्हणू. अमेरिकेतल्या बऱ्याच शाळांत आज ती वापरली जाते, पण आपल्या लोकांना तिची नीट माहिती नाही. मलाही नव्हती. मग मी वाचत गेलो, लोकांना विचारत गेलो. त्यातले जे आपल्या कुटुंबांच्या उपयोगाचे वाटले, ते येथे मांडतो.

हे सुरू कसे झाले?

२० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडो राज्यातील कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार करून १२ विद्यार्थी आणि एका शिक्षकाचा जीव घेतला. सगळा देश हादरला. पुढच्या वर्षी एफबीआयने या विषयावर एक अहवाल काढला. राष्ट्राध्यक्षांचे संरक्षण करणारी सीक्रेट सर्व्हिस आणि शिक्षण खाते यांनी मिळून एक मोठा अभ्यास हाती घेतला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सीक्रेट सर्व्हिसच का, असे कोणी विचारील. ज्याने अजून काहीच केलेले नाही, त्याच्याकडून खरोखर धोका आहे का, हे ओळखणे हेच त्यांचे रोजचे काम.

त्या अभ्यासात १९७४ ते २००० या काळातील ३७ घटना आणि ४१ हल्लेखोर विद्यार्थी तपासले गेले. निष्कर्ष वाचून मी थबकलो.

पहिली गोष्ट म्हणजे हल्लेखोराचा ठरावीक असा साचा सापडला नाही. अमुक जातीचा, अमुक स्वभावाचा, नापास होणारा, मोडलेल्या घरातला, असे काही नाही. जवळजवळ दोनतृतीयांश मुले आईवडील दोघेही असलेल्या घरातली होती. ४१ टक्के मुलांना 'ए' आणि 'बी' श्रेणी मिळत होत्या. "गुण चांगले आहेत म्हणजे सगळे ठीक आहे" हा आपला हिशेब येथे कोलमडतो.

दुसरी गोष्ट, हल्ला अचानक झाला असे जवळजवळ कधीच नव्हते. आधी मनात घोळत राहिलेला विचार होता, मग योजना, मग तयारी. ८१ टक्के घटनांत दुसऱ्या कोणाला तरी आधीच कुणकुण होती, आणि ती व्यक्ती बहुधा मित्र, वर्गमित्र किंवा भावंड होती. ९३ टक्के मुलांचे वागणे पाहून आधीच कोणाला ना कोणाला काळजी वाटली होती.

तिसरी गोष्ट, ७१ टक्के मुलांना आपला छळ होतो आहे असे वाटत होते. ७८ टक्के मुलांनी पूर्वी आत्महत्येचा विचार किंवा प्रयत्न केला होता. आणि ६८ टक्के मुलांनी बंदूक स्वतःच्या घरातून किंवा नातेवाइकाच्या घरातून मिळवली होती.

म्हणजे दुसऱ्याला मारायला निघालेला मुलगा बहुतेक वेळा आधी स्वतःच्याच जिवावर उठलेला असतो. मुलाला त्या खोलीत तो शेवटचा प्रश्न का विचारला गेला, ते मला हे वाचल्यावर समजले.

गीतेतली साखळी

मंदिरातल्या गीता-वर्गात दुसरा अध्याय आपण सगळ्यांनी वाचला आहे. मनुष्य एखाद्या गोष्टीचे चिंतन करीत राहतो, त्यातून ओढ निर्माण होते, ओढीतून इच्छा, इच्छेतून क्रोध, क्रोधातून भ्रम, मग स्मृती ढळते, बुद्धी जाते आणि शेवटी सर्वनाश होतो, ही साखळी भगवंतांनी सांगितली आहे. हिंसेचे आधुनिक अभ्यासकही एका वाटेविषयी बोलतात. आधी मनात रुतलेला सल, मग सूड घ्यावा हा विचार, मग आखणी, मग तयारी आणि शेवटी कृती. दोन्हींचा विषय एकच आहे असे मी म्हणणार नाही. पण दोन्हींतून एक धडा मिळतो: साखळी पहिल्या कडीपाशी तोडणे सोपे, शेवटच्या कडीपाशी फार अवघड. शाळेच्या दारावरचे धातुशोधक यंत्र शेवटच्या कडीवर काम करते. कौन्सेलर पहिल्या कडीवर काम करतो.

पारख कशी करतात?

व्हर्जिनिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ड्युई कॉर्नेल यांनी शाळांसाठी या पद्धतीची सविस्तर मांडणी केली. तिचा गाभा साधा आहे. धमकी देणे आणि धमकी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रागाच्या भरात "मी तुला मारून टाकीन" म्हणणारी मुले हजारो, आणि त्यातली बहुतेक सगळी संध्याकाळी ते विसरलेली असतात. उलट ज्याच्यापासून खरा धोका आहे, तो समोर येऊन धमकी देईलच असे नाही. तो मित्राजवळ बोलतो, वहीत लिहितो, फोनवर काहीतरी शोधत बसतो.

म्हणून शाळेतले पथक आधी मुलाशी, ज्याला धमकी दिली त्याच्याशी आणि ज्यांनी ऐकले त्यांच्याशी बोलते. नेमके शब्द काय होते आणि त्यांचा अर्थ काय होता, ते पाहते. मग धमकी दोनपैकी कोणत्या प्रकारची आहे, हे ठरवते.

पहिला प्रकार म्हणजे तात्कालिक धमकी. राग, थट्टा किंवा फुशारकीतून आलेली, समजावल्यावर आणि क्षमा मागितल्यावर विरून जाणारी. तेथे प्रकरण संपते, फार तर थोडी शिस्तीची कारवाई होते. दुसरा प्रकार म्हणजे ठाम धमकी, जिच्यामागे इजा करण्याचा हेतू टिकून आहे. कोणाला, कधी, कशाने, असा तपशील ठरला आहे का, शस्त्र मिळवण्याचा प्रयत्न झाला आहे का, कोणाला साथीला घेतले आहे का, हे येथे पाहतात. अशा वेळी ज्यांना धोका आहे त्यांना आणि त्यांच्या पालकांना कळवतात, गरज असेल तर पोलीस लक्ष घालतात, मुलाची मानसिक तपासणी होते आणि त्याच्यासाठी लेखी योजना तयार होते. शाळेत रोज कोण भेटणार, समुपदेशन कोठे, छळ थांबवण्यासाठी काय करणार, पुन्हा आढावा कधी, असे सगळे त्या योजनेत असते.

या पद्धतीची सुरुवातीची चाचणी ३५ शाळांत झाली. तेथे पुढे आलेल्या १८८ धमक्यांपैकी सुमारे ७० टक्के तात्कालिक निघाल्या. १८८ मुलांना सरसकट शाळेतून काढले असते तर काय झाले असते, याचा विचार करा. ज्याला मदतीची सर्वांत जास्त गरज आहे, तोच कोणाचे लक्ष नाही अशा ठिकाणी एकटा, अपमानित आणि रागावलेला बसला असता.

आता आपल्या गणरायाकडे पाहा. त्याचे एक नाव शूर्पकर्ण. शूर्प म्हणजे सूप. आजी सुपात धान्य पाखडायची तेव्हा फोल उडून जायचे आणि दाणे राहायचे. कान सुपासारखे असावेत, म्हणजे सगळे ऐकावे, मग पाखडावे, फोल सोडून द्यावे आणि दाणा मात्र हातचा जाऊ देऊ नये. धमकीची पारख म्हणजे हेच पाखडणे.

हत्ती आणि आंधळे

१६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने ३२ जणांना ठार केले. त्यांत स्थापत्य अभियांत्रिकीचे प्राध्यापक जी. व्ही. लोगनाथन होते आणि मुंबईहून शिकायला आलेली एक विद्यार्थिनीही होती. नंतरच्या चौकशीत दिसले, की त्याच्या लिखाणाने प्राध्यापक अस्वस्थ झाले होते, खोलीतल्या सोबत्यांना त्याचे बोलणे खटकले होते, विद्यापीठाच्या पोलिसांना तो माहीत होता आणि न्यायाधीशांनी त्याला उपचार घेण्याचा आदेशही दिला होता. हत्तीचा कान एकाच्या हातात, सोंड दुसऱ्याच्या, पाय तिसऱ्याच्या. अख्खा हत्ती कोणालाच दिसला नाही. म्हणून पथक लागते. सगळ्यांचे तुकडे एका टेबलावर आले तरच चित्र पूर्ण होते.

व्हर्जिनियाने यातून धडा घेतला. २००८ मध्ये तेथील सरकारी विद्यापीठांना आणि २०१३ मध्ये सर्व सरकारी शाळांना अशी पथके नेमणे बंधनकारक झाले. शाळांसाठी असा कायदा करणारे ते पहिले राज्य. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी पार्कलंड येथील शाळेत १७ जण मारले गेल्यावर फ्लोरिडानेही त्याच वर्षी तसा कायदा केला.

पण पथक कागदावर असून भागत नाही. ३० नोव्हेंबर २०२१ ची मिशिगनमधील ऑक्सफर्ड हायस्कूलची घटना पाहा. सकाळी शिक्षिकेला एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या कागदावर बंदुकीचे चित्र आणि मदतीची याचना करणारे शब्द दिसले. कौन्सेलरकडे नेले, आईवडिलांना बोलावले. त्याला लवकर समुपदेशन द्या, असे शाळेने सांगितले. आईवडील त्याला घरी न नेता परत गेले. वडिलांनी चारच दिवसांपूर्वी बंदूक विकत घेतली होती, हे त्यांनी त्या बैठकीत सांगितले नाही. दप्तर कोणी उघडून पाहिले नाही. मुलगा वर्गात परतला, आणि काही तासांतच त्याने केलेल्या गोळीबारामुळे चार विद्यार्थी प्राणास मुकले. पारखेची जी कार्यपद्धती वापरायला हवी होती ती शाळेने नीट वापरली नाही, असे स्वतंत्र चौकशीच्या २०२३ च्या अहवालात म्हटले आहे. २०२४ मध्ये त्या आईवडिलांना सदोष मनुष्यवधाबद्दल तुरुंगवासाची शिक्षा झाली.

याची दुसरी बाजूही आहे, ती फारशी बातम्यांत येत नाही. सीक्रेट सर्व्हिसने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २००६ ते २०१८ या काळातील ६७ असे कट तपासले आहेत, जे प्रत्यक्षात येण्याआधीच उघडकीस आले. त्यांतले बरेचसे कोणीतरी वेळीच बोलल्यामुळे थांबले, आणि बोलणारी बहुधा बरोबरीची मुलेच होती.

आपल्या मनातल्या शंका

"माझ्या मुलावर कायमचा शिक्का बसेल का?" ही भीती खोटी नाही. २०१५ मध्ये टेक्सासमधील अर्व्हिंग येथे चौदा वर्षांच्या एका मुस्लिम मुलाने घरी बनवलेले घड्याळ शिक्षकांना दाखवायला नेले, तर त्याला बेड्या घालून नेले. असे होते ते पारख न करता रूप आणि नाव पाहून घाबरल्यामुळे. एकदा काही घडले की एकच कडक शिक्षा, या धोरणाने नव्वदच्या दशकापासून अनेक निरुपद्रवी मुलांचे नुकसान केले. नीट केलेली पारख या दोन्हींच्या उलट आहे. मूल कसे दिसते हे ती विचारत नाही. त्याने काय केले, काय म्हटले आणि त्याला काय हवे आहे, एवढेच विचारते. तरीही जेथे माणसे आहेत तेथे पूर्वग्रह असतात. म्हणून पालकांनी हजर राहावे, प्रश्न विचारावेत, निर्णय लेखी मागावा. मुलाच्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा हक्क आपल्याला १९७४ च्या केंद्रीय कायद्याने दिला आहे.

"आपल्यातली मुले असे करीत नाहीत." हेही तपासून पाहू या. २०१६ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात आपल्या माजी मार्गदर्शकाला ठार करून आत्महत्या करणारा भारतातून उत्तम शिक्षण घेऊन आलेला पदवीधर होता. डिसेंबर २००७ मध्ये गुडगावच्या एका खाजगी शाळेत आठवीतल्या मुलाचा वर्गमित्रांनी गोळ्या घालून खून केला, तेव्हा पिस्तूल एका मुलाच्या वडिलांचे होते. भीती पसरवण्यासाठी हे लिहीत नाही. शाळकरी वयाच्या मुलांच्या हत्यांपैकी तीन टक्क्यांहूनही कमी शाळेत होतात. शाळा आजही मुलांसाठी पुष्कळ सुरक्षित जागा आहे. पण दुःख, अपमान आणि एकटेपणा आपले आडनाव पाहून दारावरून परत जात नाहीत, एवढे ध्यानात असावे.

घरी काय करता येईल?

१. रोज एक प्रश्न असा विचारा, ज्याचे उत्तर गुणांत देता येत नाही. "आज डबा कोणाबरोबर खाल्लास?" हा फार चांगला प्रश्न आहे.

२. "दुर्लक्ष कर" म्हणण्याआधी पूर्ण ऐका. छळ चालू असेल तर तारखा लिहून ठेवा आणि शाळेला लेखी कळवा.

३. झोप, भूक, मित्र, आवडीचे छंद यांत अचानक बदल झाला, मूल निरवानिरव केल्यासारखे बोलू लागले किंवा आपल्या वस्तू वाटून टाकू लागले, तर थांबू नका. आत्महत्येविषयी सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळे व्हायला वाट मिळते. ९८८ या क्रमांकावर देशभरातून केव्हाही फोन किंवा संदेश करता येतो.

४. घरात बंदूक असेल तर ती रिकामी करून कुलपात ठेवा, गोळ्या वेगळ्या ठेवा आणि किल्ली मुलाच्या हाती लागणार नाही असे पाहा. मूल दुसऱ्याकडे खेळायला जात असेल तर तेथेही विचारा. संकोच वाटतो, पण शेंगदाण्याची ॲलर्जी आपण सांगतोच ना?

५. मुलांना चुगली आणि मदत यांतला फरक शिकवा. कोणाला शिक्षा व्हावी म्हणून सांगणे ही चुगली; कोणाचा जीव वाचावा म्हणून सांगणे ही मदत. नाव न सांगता कळवण्याची सोय अनेक राज्यांत आहे. कोलोरॅडोत 'सेफ टू टेल' ही सेवा २००४ पासून चालू आहे. आपल्या राज्यातला क्रमांक शोधून मुलांच्या फोनमध्ये घालून ठेवा.

६. शाळेत विचारा: आपल्याकडे असे पथक आहे का? त्यात कोण आहेत? त्यांना प्रशिक्षण मिळाले आहे का? पालक सभेत हा प्रश्न विचारायला इंग्रजी फर्डे असावे लागत नाही.

७. आणि "लोक काय म्हणतील" हे वाक्य काही काळ बाजूला ठेवा. समुपदेशकाकडे जाणे म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे जाण्यासारखेच आहे.

मंदिरातही आपल्याला काही करता येईल. रविवारच्या वर्गांना येणाऱ्या प्रत्येक मुलाला नावाने ओळखणारी, आईवडील सोडून एक तरी मोठी व्यक्ती येथे असावी. काका, मावशी, आजी कोणीही चालेल. भारतात ही माणसे वाड्यात आपोआप मिळत होती. इथे ती मुद्दाम उभी करावी लागतात.

शेवटी

आमच्या मुलाची धमकी तात्कालिक ठरली. पण त्या चौघांनी तेवढ्यावर फाइल मिटवली नाही. फोटो टाकणाऱ्या मुलांशी शाळा बोलली. कौन्सेलर त्याला दर मंगळवारी भेटत राहिली आणि आम्ही बाहेरच्या थेरपिस्टकडेही जाऊ लागलो. सहा महिन्यांनी आढावा घेऊन योजना बंद झाली. ती ओळ नेऊन दाखवणारी मुलगी कोण, हे शाळेने आम्हाला सांगितले नाही. बरोबरच केले. पण ती कोणीही असो, आमच्या घरी तिचे फार मोठे ऋण आहे.

आता मुलगा हायस्कूलमध्ये आहे आणि यंदाच्या उत्सवात ढोलपथकात वाजवणार आहे. परवा सराव संपवून येताना मी गाडीत सवयीने विचारले, "कशी झाली परीक्षा?" तो हसून म्हणाला, "बाबा, आधी डब्याचं विचारा ना." मी विचारले. घर येईपर्यंत तो बोलत होता आणि मी ऐकत होतो.

गणपती बाप्पा मोरया!